बसक्या गाडीची गोष्ट

आपल्याकडे मोटार घेताना माणूस दोनच प्रश्न विचारतो. पहिला, 'ॲव्हरेज किती देते?' आणि दुसरा, 'खाली लागत नाही ना?' पैकी दुसरा प्रश्न विचारणारा मनुष्य खरा अनुभवी. त्याच्या डोळ्यांपुढे गल्लीच्या तोंडाशी असलेला तो गतिरोधक असतो, ज्यावरून जाताना गाडीतल्या तिघांनी उतरून पायी चालायचं असतं. आमच्याकडे फियाट होती तेव्हा गणपतीला कोकणात निघण्यापूर्वी मागच्या पाट्यांत एक जादा पाटा घालून घेणं, हा आरतीची पुस्तकं शोधण्याइतकाच ठरलेला विधी होता. गाडी उचलणं ही आपली परंपरा. आणि जगात काही लोक पदरचे पैसे मोजून चांगली उंच गाडी खाली बसवतात!

हे मी आमच्या मिस्त्रींना सांगितलं. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

"पैसे देऊन खाली?" ते म्हणाले. "साहेब, दोन पावसाळे थांबायला सांगा त्यांना. फुकटात बसेल."

पण या बसण्यामागे मोठा इतिहास आहे. तो घडला कॅलिफोर्नियात. लॉस एंजेलिसच्या पूर्वेला मेक्सिकन वंशाच्या लोकांची मोठी वस्ती. 1848 पर्यंत हा मुलूख मेक्सिकोचाच होता, त्यामुळे त्यांच्यातल्या काहींच्या पूर्वजांनी घर बदललं नव्हतं, नुसतं राज्य बदललं होतं. (बेळगावकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको.) राज्य बदललं की आपल्याच गावात आपण पाहुणे होतो, आणि तेही नकोसे. 1943 च्या जून महिन्यात तर कमाल झाली. या वस्तीतली तरुण पोरं तेव्हा लांबलचक कोट आणि ढगळ विजारी घालून मिरवत. युद्धामुळे कापडाची टंचाई, म्हणून हा देशद्रोह, असं ठरवून सुट्टीवर आलेल्या खलाशांनी त्यांना रस्त्यात गाठून मारलं, कपडे अंगावरून ओरबाडले. पोलिसांनी धरपकड केली ती मुख्यतः मार खाणाऱ्यांची.

युद्ध संपलं. हातात थोडे पैसे आले. नवी मोटार परवडत नव्हती, पण जुन्या शेवरोले स्वस्तात मिळत. गोऱ्या पोरांना तेव्हा वेगाचं वेड लागलं होतं. त्यांच्या गाड्या नाक खाली, शेपूट वर, अशा अंगावर येणाऱ्या रेड्याच्या पवित्र्यात. पूर्व लॉस एंजेलिसच्या पोरांनी नेमकं उलट केलं. 'खाली आणि सावकाश' हे त्यांचं ब्रीद. गाडी जमिनीला टेकेल इतकी खाली घ्यायची, धुऊनपुसून लखलखीत करायची, आणि रविवारी संध्याकाळी रस्त्यावरून इतकी हळू न्यायची की बघणाऱ्याला बघितल्याखेरीज गत्यंतर राहू नये. कुठं पोचायचं नाहीच मुळी. लग्नाची वरात कुठे पोचण्यासाठी निघते का? या गाड्यांना नाव पडलं 'लो रायडर'. पहिल्या पहिल्यांदा डिकीत वाळूची किंवा सिमेंटची पोती टाकून हे काम भागवत. सिमेंटचा इतका निर्मळ उपयोग मी दुसरीकडे ऐकलेला नाही.

आता या मंडळींत मला सगळ्यांत जवळची वाटते ती स्टेशन वॅगन. हे नाव घेताना आपण 'स्टेशन'कडे लक्षच देत नाही. पण ते खरोखरच रेल्वे स्टेशन. हॉटेलचे पाहुणे आणि त्यांच्या ट्रंका स्टेशनावरून आणण्यासाठी मॉडेल टी फोर्डच्या सांगाड्यावर सुतार लाकडी डबा बसवून देत. म्हणजे आपला टांगाच, फक्त घोडा वजा. 1929 मध्ये फोर्डने स्वतःच अशी गाडी बनवायला घेतली. लाकडाला दरवर्षी व्हार्निश लावावं लागे. 1949 मध्ये प्लिमथने स्वस्तातली सगळी पोलादी वॅगन काढली आणि हळूहळू मोटारीतून सुतार हद्दपार झाला. पुढची तीसेक वर्षं अमेरिकन गृहस्थाश्रम या वॅगनमधून हिंडला: पुढे आईबाप, मध्ये आजी, मागे पोरं आणि कुत्रा. 1983 च्या शेवटी क्रायस्लरची मिनीव्हॅन आली आणि वॅगन निवृत्त झाली. निवृत्त वस्तू धाकट्यांच्या वाट्याला येतात. बापाची वॅगन पोराला मिळाली की पोराने पहिल्यांदा तिचं नाक खाली घ्यायचं.

नाकच का? तर वॅगनचा मागचा भाग जड. लांब छप्पर, काचा, वर सामान. माणसं भरली की शेपूट बसतं आणि नाक वर जातं. पंगतीत शेवटचा आग्रहाचा लाडू खाल्लेला मनुष्य भिंतीला टेकून बसतो, तसं तिचं दिसतं. या अवस्थेत रुबाब अशक्य. म्हणून पुढून उतरवायची.

पण मागचं सोपं, पुढचं अवघड. 1955 ची शेवरोले घ्या. मागे आपल्या ट्रकसारखे पाटे. ॲक्सल आणि पाटे यांच्यामध्ये एक ठोकळा सरकवला की काम झालं. पुढे मात्र प्रत्येक चाकाला वेटोळ्याची स्प्रिंग, आणि तिच्यावर इंजिनाचं ओझं. गरिबाचा उपाय म्हणजे स्प्रिंगचा एक वेढा कापून टाकणं. वजन सोसणारे दहा वेढे असतील आणि एक कापला तर उरलेली स्प्रिंग सुमारे 11 टक्के कडक होते. उंची कमी तेवढा ताठा जास्त, हा नियम मी मोटारीबाहेरही पुष्कळ पाहिला आहे. त्याहून घाईचा उपाय म्हणजे स्प्रिंग गॅसने लाल होईस्तोवर तापवायची. गाडी हां हां म्हणता बसते. पण त्यात स्प्रिंगचं पाणी उतरतं, आणि पाणी उतरलेलं पोलाद कधी दगा देईल सांगता येत नाही. शिवाय पुढची चाकं माथ्याकडून आत कलतात, टायर आतल्या अंगाने बोडका होतो, रबरी गुटक्यावर दणके बसतात, आणि दिव्यांचा झोत पायापुढेच पडतो. शहाणे लोक स्प्रिंगला हात लावत नाहीत. ते स्टब ॲक्सल बदलतात. नव्याचा खुंटा मुळातच दोनेक इंच वर घडवलेला असतो. चाक वर सरकतं, गाडी तेवढी खाली येते, आणि स्प्रिंगला पत्ताही लागत नाही. सरकारी बदलीसारखं. कागदावर काहीच हललेलं नसतं, माणूस मात्र खाली.

सरकारला मात्र पत्ता लागला. 1958 पासून कॅलिफोर्नियात कायदा लागू झाला: मूळ गाडीत फेरफार करून तिचा कुठलाही भाग चाकाच्या लोखंडी कडेच्या खालच्या टोकापेक्षा खाली आणता कामा नये. पोलिसांना आयतं कोलीत मिळालं. गाडी दिसली की थांबवा, पट्टी लावा, दंड करा.

यावर रॉन अगिरे नावाच्या तरुणाने 1959 साली जो तोडगा काढला त्याला मी मनोमन नमस्कार करतो. युद्धानंतर मोडीत निघालेल्या विमानांचे तेलाच्या दाबावर चालणारे पंप बाजारात स्वस्त मिळत. ते त्याने आपल्या कॉर्व्हेटला जोडले. बटण दाबलं की गाडी खाली, पुन्हा दाबलं की वर. पोलीस दिसला की कायद्याइतकी उंच. म्हणजे साहेब आले की उठून उभं राहायचं, साहेब वळले की पुन्हा बसायचं! आमच्या कचेरीत हे आम्ही कसल्याही पंपाशिवाय वर्षानुवर्षं केलं. पण त्याचा कुणी इतिहास लिहिला नाही. पुढे ट्रकच्या मागच्या फळीला उचलणारे पंप आले, डिकीत बॅटऱ्यांची रांग लागली, आणि मूळ दंड चुकवायला केलेली गाडी चौकात चक्क उड्या मारू लागली.

मग सरकारने उंची सोडून चालीलाच हात घातला. लॉस एंजेलिसच्या व्हिटियर बुलव्हारवर ही संध्याकाळची फेरी चाले; 1979 मध्ये पोलिसांनी तो रस्ता रात्री अडवला. नॅशनल सिटी या गावाने 1992 मध्ये अशा फेऱ्यांवर बंदी घातली. म्हणजे जोरात गेलात तर गुन्हा, हळू गेलात तरी गुन्हा. आपल्याच मोहल्ल्यातून, आपल्याच गाडीतून, आपली माणसं बघत फिरणं हा अपराध कसा, हे कोणाही कायदेपंडिताने त्या पोरांना समजेल अशा भाषेत सांगितलं असेल, असं मला वाटत नाही.

न्यू मेक्सिको राज्यात चिमायो नावाचं खेडं आहे. तिथल्या देवळाला गुड फ्रायडेला लोक मैलोन्‌मैल चालत येतात. तिथली माती अंगाला लावतात. आपल्या वारकऱ्यांना तिथे परकं वाटणार नाही. त्या गावच्या डेव्हिड हारामियो याने 1969 ची फोर्ड एलटीडी अशीच सजवायला घेतली होती. 1978 मध्ये तो मोटार अपघातात गेला. गाडी अर्धवट. घरच्यांनी आणि सोबत्यांनी ती पुरी केली आणि नाव दिलं 'डेव्ह्ज ड्रीम'. वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेने पुढे ती आपल्या संग्रहासाठी घेतली. जिला रस्त्यावर चालू देत नव्हते अशा जातीची गाडी राष्ट्रीय संग्रहालयात गेली. तिथे अर्थात चालायचा प्रश्नच नव्हता.

2023 मध्ये नॅशनल सिटीने बंदी उठवली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने कायदा केला आणि 1 जानेवारी 2024 पासून राज्यभरच्या असल्या बंद्या आणि ते उंचीचं कलम, दोन्ही गेलं. साठाहून अधिक वर्षं लागली. पोलिसांना पाहून बटण दाबणारी पहिली पोरं आता आजोबा, पणजोबा झाली असतील. एवढ्या खाली बसलेल्या वॅगनमधून उतरायचं म्हणजे त्यांचे गुडघे कुरकुरणारच. तेव्हा पंप अजून काढून टाकलेले नसावेत, असा माझा आपला अंदाज.