कृत्रिम पाऊस : सोलापूरच्या प्रयोगातील १८ टक्क्यांचा अर्थ

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल आणि चादरींच्या कारखान्यांत पाळी करणाऱ्यांपैकी काहींची दक्षिण सोलापूर किंवा अक्कलकोट तालुक्यात थोडीफार कोरडवाहू जमीनही असते. जुलैत पावसाने ओढ दिली की या भागातून हमखास विचारणा होते, ‘सरकार विमान कधी पाठवणार?’ त्यापाठोपाठ दुसरा प्रश्न येतो : एमआयडीसीच्या चिमण्यांमुळे ढग निघून जातात का? ढगातला थेंब मोठा कसा होतो हे समजले की दोन्हींची उत्तरे मिळतात, म्हणून सुरुवात तिथून करू.

ढगात नेमके काय घडते?

हवेतल्या सूक्ष्म कणांभोवती बाष्प साकळून ढगातले थेंब तयार होतात. हे थेंब इतके हलके असतात की ते तरंगत राहतात. एकमेकांत मिसळून ते पुरेसे जड झाले की पाऊस पडतो. हवेत बारीक कण फार झाले, तर तेवढेच पाणी असंख्य लहान थेंबांत वाटले जाते आणि पाऊस पडायला उशीर लागतो. बॉयलरचा धूर, वाहने, उसाचे पाचट जाळणे यांतून असे कण हवेत जातात. त्यामुळे चिमणीच्या शंकेत थोडे तथ्य आहे. पण सोलापूरचा कमी पाऊस चिमण्यांनी आणलेला नाही. हा जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. अरबी समुद्रावरून येणारे वारे बरेचसे पाणी घाटमाथ्यावरच सोडून येतात. १८७६-७७ चा दुष्काळ पडला तेव्हा इथे एमआयडीसी नव्हती. सातारा-सांगलीकडे पवनचक्क्या ढग पळवतात असे म्हणतात, त्याला तर एवढाही आधार नाही.

कृत्रिम पावसात याच्या उलट करतात. विमानाच्या पंखाला लावलेल्या नळकांड्या ढगाच्या तळाशी पेटवून कॅल्शियम क्लोराईडचे मोठे, पाणी ओढणारे कण सोडले जातात. त्यांच्याभोवती मोठे थेंब बनतात आणि ते लहान थेंबांना सोबत घेत खाली येतात. गोठणबिंदूच्या खाली गेलेल्या थंड ढगांसाठी सिल्व्हर आयोडाइड वापरतात. दोन्ही पद्धतींत ढग आधी असावा लागतो, तोही उंच वाढणारा आणि भरपूर पाणी असलेला. निरभ्र आकाशातून पाऊस पाडणारे तंत्रज्ञान जगात कुठेही नाही.

सोलापुरातला प्रयोग

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने (आयआयटीएम) ‘कायपीक्स’ प्रकल्पाचा चौथा टप्पा २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत सोलापूर परिसरात राबवला. योग्य वाटलेल्या २७६ ढगांची निवड झाली. त्यातल्या कोणत्या ढगात कण सोडायचे आणि कोणते ढग नुसते पाहायचे, हे चिठ्ठी टाकावी तसे ठरवले होते. प्रयोगाचे खरे मोल इथेच आहे. एरवी विमान गेले आणि पाऊस पडला, तर तो विमानाने पाडला की पडणारच होता, हे सांगता येत नाही. २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वाऱ्याच्या दिशेने सुमारे १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात पावसात सरासरी १८ टक्के वाढ आढळली. काही ठिकाणी ती याहून बरीच जास्त होती.

आता १८ टक्के म्हणजे किती? ज्या ढगातून १० मि.मी. पाऊस पडला असता, त्यातून ११.८ मि.मी. पडला. वाढीव १.८ मि.मी. म्हणजे हेक्टरी १८ हजार लिटर. आकडा मोठा वाटतो, पण पोटरीतली ज्वारी दिवसाला साधारण ४ ते ५ मि.मी. पाणी घेते. म्हणजे पिकाची अर्ध्या दिवसाची तहानही त्यातून भागत नाही. आणि ढगच नसेल, तर शून्याचे १८ टक्के शून्यच. शास्त्रज्ञांनी निष्कर्ष तोलूनमापून मांडला होता. चावडीवर पोहोचेपर्यंत ‘सोलापुरात विमानाने पाऊस पडतो’ एवढेच त्यातले उरले.

विमान दिसते, आराखडा दिसत नाही

राज्यात कृत्रिम पावसाचे प्रयोग २००३, २०१५ आणि २०१९ मध्ये झाले. तिन्ही वेळा निमित्त दुष्काळाचे होते, म्हणजे योग्य ढग सर्वांत कमी असण्याच्या काळाचे. २०१९ साठी मंत्रिमंडळाने ३० कोटी रुपये मंजूर केले. ऑगस्टात औरंगाबादहून विमान उडाले, तेव्हा कोल्हापूर-सांगली महापुरात होती.

हा विरोधाभास योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही. हवेचे तापमान एक अंशाने वाढले की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे दोन पावसांतली उघडीप लांबते आणि पडतो तेव्हा पाऊस झोडपून काढतो. मध्य भारतात व्यापक अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्याचे आयआयटीएमच्याच शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवून दिले. आपल्या जिल्ह्याने ऑक्टोबर २०२० ची अतिवृष्टी पाहिली, २०२३ च्या तुटीनंतर उजनीचा साठा खोल उणे पातळीत गेलेला पाहिला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेचा पूरही पाहिला. ढगात कण सोडून यातले काहीच टळले नसते.

याची तयारी कागदावर आहे. राज्याचा हवामान बदल अनुकूलन आराखडा ‘टेरी’ संस्थेने २०१४ मध्ये तयार करून दिला. शासनाची मान्यता मिळायला २०१७ उजाडले. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘पोकरा’ प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात सोलापूर नव्हते. देशभरातली १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रे मार्च २०२४ मध्ये बंद करण्यात आली. तालुक्याच्या अंदाजावर आधारलेला पीकसल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी देणारी ही केंद्रे होती. विमानाच्या तुलनेत त्यांचा खर्च किरकोळ. पण बंद झाल्याची ओरड झाली नाही, कारण ती सुरू होती हेच अनेकांना माहीत नव्हते. आमच्यासारख्या सल्ला देणाऱ्यांचाही त्यात वाटा आहे. अंदाजातली ‘६० टक्के शक्यता’ म्हणजे काय, हे आम्ही लोकांना कधी नीट समजावून सांगितले नाही.

शेतात थांबवता येणारे पाणी

एका जोरदार सरीतले १० मि.मी. पाणी बांधाबाहेर वाहून जाण्याऐवजी मुरले, तर हेक्टरी एक लाख लिटर साठते. वरच्या १८ हजारांशी त्याची तुलना करून पाहा. सोलापूरच्या कोरडवाहू शेती संशोधन केंद्रात १९३३ पासून याच विषयावर काम चालू आहे आणि शिफारशी साध्या आहेत. रब्बी ज्वारीच्या रानात जुलैतच उताराला आडवे बंदिस्त वाफे करावेत, सारा यंत्राने किंवा बळीराम नांगराने. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर दरम्यान, वापसा पाहून करावी. सप्टेंबरात झड लागली तर तारखेपेक्षा वापशाला महत्त्व द्यावे. वाण जमिनीच्या खोलीप्रमाणे निवडावा : हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यम जमिनीला फुले सुचित्रा किंवा मालदांडी ३५-१, भारी जमिनीला फुले वसुधा किंवा फुले यशोदा.

कोळपण्या तीन कराव्यात. पहिली तीन आठवड्यांनी फटीच्या कोळप्याने, दुसरी पाच आठवड्यांनी पासेच्या कोळप्याने आणि तिसरी आठ आठवड्यांनी दातेरी कोळप्याने. तिसरी बहुतेक जण टाळतात. नेमक्या त्याच वेळी काळ्या रानाला भेगा पडू लागतात आणि खालची ओल त्यांतून उडून जाते. दातेरी कोळप्याने त्या बुजतात. शेततळ्यात पाणी असेल तर एकच संरक्षित पाणी ५० ते ५५ दिवसांनी, पीक पोटरीत असताना द्यावे.

पाऊस स्वतः मोजावा. महसूल मंडळातले एकच स्वयंचलित केंद्र अनेक गावांसाठी असते, आणि वळवाची सर दोन किलोमीटरवर कोरडी सोडून जाते. उभ्या भिंतींचा, सपाट तळाचा डबा झाडा-इमारतींपासून दूर ठेवावा. रोज सकाळी साडेआठला आतल्या पाण्याची उंची पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजावी, वहीत लिहावी आणि डबा रिकामा करावा. रात्रपाळी असेल तर हे काम घरातल्या कोणाकडे तरी सोपवावे.