नियम लिहिणारे विद्यार्थी

संगणकांचे जाळे हा विषय शिकायला घेतलेल्या विद्यार्थ्यापुढे पहिल्या काही तासांतच थरांचा तक्ता येतो. सात थर, त्यांची नावे आणि त्यांचा क्रम. क्रम बिनचूक लिहिला की गुण मिळतात. पण थर लागतात कशाला, हा प्रश्न बहुधा तसाच राहतो. ज्यांना तो सुरुवातीला पडला तेही विद्यार्थीच होते, आणि त्यांच्यापुढे पाठ करायला कोणताच तक्ता नव्हता. त्यांची हकीकत पाहिली तर या विषयाची मूलतत्त्वे आपल्यालाही सहज उलगडतात.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या 'आर्पा' या संशोधन विभागाने १९६८ साली विद्यापीठांतले मोठे संगणक एकमेकांना जोडण्याचे काम हाती घेतले. पहिल्या टप्प्यात चार ठिकाणे होती : कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस व सांता बार्बरा येथील शाखा, मेन्लो पार्कची स्टॅनफर्ड संशोधन संस्था आणि यूटा विद्यापीठ. चारही संगणक वेगळ्या जातीचे. एकाचा 'शब्द' २४ बिटांचा, एकाचा ३६ बिटांचा, उरलेल्या दोघांचा ३२ बिटांचा. एका बाजारात शेर, दुसऱ्यात पायली आणि तिसऱ्यात किलो, अशातली गत.

दूरध्वनीवर दोघे बोलत असतात तोवर तार त्यांच्यासाठीच अडकून राहते, मध्ये ते गप्प बसले तरीही. संगणकांचे बोलणे मात्र झटक्याझटक्याने होते. क्षणभर भरपूर मजकूर, मग बराच वेळ शांतता. म्हणून संदेशाचे लहान तुकडे करावेत, प्रत्येकावर पत्ता घालावा आणि एकाच तारेवरून अनेकांचे तुकडे सोडावेत, ही कल्पना अमेरिकेत पॉल बॅरन आणि ब्रिटनमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी स्वतंत्रपणे मांडली होती. या तुकड्यांना 'पॅकेट' हे नाव डेव्हिस यांनी दिले. पॅकेटे पोचवणारा एक लहान संगणक प्रत्येक ठिकाणी बसवण्याचे कंत्राट बोल्ट, बेरानेक आणि न्यूमन या कंपनीला मिळाले.

पण कंत्राट होते ते पोचवण्याचे. संभाषण कोणी सुरू करायचे, कसे संपवायचे, आलेल्या मजकुराचा अर्थ मोठ्या संगणकांनी कसा लावायचा, हे कोणीच ठरवून दिले नव्हते. ते काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या वाट्याला आले. लॉस एंजेलिसचे स्टीव्ह क्रॉकर, व्हिंट सर्फ आणि जॉन पोस्टेल हे त्यांतले तिघे. तिघेही व्हॅन नायस येथील एकाच शाळेचे माजी विद्यार्थी.

आज ना उद्या कोणी जाणकार, अधिकारी माणूस येईल आणि सूत्रे हाती घेईल, अशी या मुलांची समजूत होती. तोवर आपण लिहितो त्याला हुकमाचा सूर येऊ नये याची त्यांना काळजी होती. क्रॉकर यांनी पहिले टिपण लिहिले ते रात्री, घरातल्यांची झोपमोड नको म्हणून न्हाणीघरात बसून. ७ एप्रिल १९६९ ही त्याची तारीख. टिपणमालेला त्यांनी नाव दिले 'रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स', म्हणजे अभिप्रायासाठी विनंती. त्याच महिन्यात टिपणांचे नियमही ठरले : कल्पना अर्धवट असली तरी चालेल, उत्तर नसलेला नुसता प्रश्नही चालेल, लांबी कमीत कमी एक वाक्य. ही टिपणे टपालाने जात.

या चर्चेतून एक तत्त्व पुढे आले. सगळे नियम एकाच गाठोड्यात बांधू नयेत. पत्र लिहिणाऱ्याला टपालगाडीचे वेळापत्रक ठाऊक असावे लागत नाही आणि पोस्टमनला पत्रातला मजकूर. तसेच खालच्या थराने पॅकेटे पोचवावीत, मधल्याने दोन संगणकांत संभाषणाची वाट तयार करावी आणि फाइल पाठवणे यांसारखी कामे वरच्या थरावर बसवावीत. एक थर बदलला तरी बाकीचे तसेच राहतात. सात थरांचा तक्ता आंतरराष्ट्रीय मानक म्हणून १९८४ साली प्रसिद्ध झाला. त्यामागची गरज या मुलांना दीड दशक आधीच भासली होती.

२९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री साडेदहा वाजता चार्ली क्लाइन या विद्यार्थ्याने लॉस एंजेलिसहून मेन्लो पार्कच्या संगणकाला 'लॉगिन' हा शब्द पाठवायला घेतला. पलीकडे बिल डुव्हॉल दूरध्वनीवर होते. एल पोचला, ओ पोचला, आणि जी पाठवताच पलीकडचा संगणक कोलमडला. तिकडे अक्षरांसाठी राखलेली जागा अपुरी पडली होती. साधारण तासाभराने काम जमले. घेणाऱ्याची तयारी किती, हेही देणाऱ्याने ओळखावे लागते, हा धडा तेव्हापासूनचा.

पुढे सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी १९७४ साली वेगवेगळी जाळी जोडणारे नियम मांडले. ते 'टीसीपी-आयपी' नियम आर्पाच्या जाळ्याने १ जानेवारी १९८३ रोजी स्वीकारले. तेही याच टिपणमालेत छापले गेले. मालेचे संपादन पोस्टेल यांनी १९९८ मधील मृत्यूपर्यंत सांभाळले. ही टिपणे कोणालाही फुकट मिळत. १९८६ साली पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र यांना जोडणारे 'अर्नेट' सुरू झाले, तेव्हा आपल्याकडच्या तरुणांनाही ती वाचायला मोकळी होती.

तक्ता शिकवण्यापूर्वी वर्गात एक प्रयोग करून पाहावा, असे आम्हांला वाटते. एका परिच्छेदाच्या दहा चिठ्ठ्या करून त्या वेगवेगळ्या वाटांनी वर्गाच्या दुसऱ्या टोकाला पाठवा. नियम सांगू नका. चिठ्ठ्या उलटसुलट पोचल्या की मुले स्वतःहून क्रमांक घालतील. एक हरवली की पोच मागतील. पोचच हरवली, तर तीच चिठ्ठी दोनदा येईल; तेव्हा त्याच क्रमांकावरून जादा चिठ्ठी ओळखता येते हे त्यांच्या ध्यानात येईल. मुलांनी ठरवलेले नियम, अर्धवट असले तरी, फळ्यावर लिहून ठेवावेत आणि मग पुस्तक उघडावे.