दुप्पट मोठा आवाज म्हणजे नेमका किती?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी प्रेझेंटेशनमध्ये मी बिनधास्त लिहिलं होतं, ‘कानाचा प्रतिसाद लॉगॅरिदमिक असतो, म्हणून डेसिबल वापरतात.’ गाईडनी विचारलं, ‘हे कुणी मोजलं?’ मी गप्प. मग महिनाभर जुने पेपर उकरत बसले.

तर, मोजलं कुणीच नव्हतं! लाइपझिगच्या गुस्टाव फेक्नरला ही कल्पना २२ ऑक्टोबर १८५० रोजी सकाळी अंथरुणात पडल्यापडल्या सुचली. फरक जाणवायला उद्दीपन ठरावीक प्रमाणात वाढावं लागतं, हे वेबरने दाखवलेलं होतं. फेक्नरने त्यात एक गृहीतक घातलं: जेमतेम जाणवणारा प्रत्येक फरक मनाला सारखाच वाटतो. एवढं मान्य केलं की लॉग आपोआप बाहेर पडतो. १८६० च्या त्याच्या ग्रंथानंतर तो ‘नियम’ झाला.

माणसांना बसवून, ऐकवून विचारण्याचं मोठं काम झालं टेलिफोनवाल्यांकडे. बेल लॅबमध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी श्रोत्यांना हेडफोनवर वेगवेगळे सूर ऐकवले आणि १००० हर्ट्झच्या सुराशी त्यांची तुलना करायला लावली. १९३३ च्या त्यांच्या पेपरातले वक्र आजही पाठ्यपुस्तकांत दिसतात. हळू आवाजात खर्जातला सूर ऐकू यायला कितीतरी जास्त जोर लागतो. आवाज वाढला की हा फरक कमी होतो, वक्र सपाट होत जातात. पण इथे एक गोष्ट लक्षात घ्या. या प्रयोगातून ‘सारखा’ कळतो, ‘दुप्पट’ कळत नाही.

ते हार्वर्डच्या स्टीव्हन्सने थेट विचारलं. त्याने १९३६ मध्ये ‘सोन’ हे एकक सुचवलं, पुढे लोकांना आवाजाला आकडेच द्यायला सांगितलं. साधारण १० डेसिबल वाढले की आवाज दुप्पट वाटतो, असं निघालं. म्हणजे ४० वरून ८० डेसिबलला जाताना आवाज सोळापट वाटतो. फेक्नरच्या हिशोबाने तो जेमतेम दुप्पट व्हायला हवा होता. १९६१ च्या लेखाच्या शीर्षकातच स्टीव्हन्सने फेक्नरला मान देऊन त्याचा नियम रद्द केला. (माणसं मनातल्या मोठेपणाला खरंच आकडा देऊ शकतात का, हा वाद मात्र मिटलेला नाही.)

वक्रांचीही फेरमोजणी झाली. १९५६ मध्ये ब्रिटनमध्ये रॉबिन्सन आणि डॅडसन यांनी नवे वक्र काढले, ते आंतरराष्ट्रीय मानक झाले. २००३ मध्ये अनेक देशांच्या मोजमापांवरून तेही बदलावे लागले, विशेषतः खर्जाच्या बाजूला.

मीटरवरचं ‘ए’ वजन मात्र जुनंच राहिलं. ते ४० फोनच्या, म्हणजे हळू आवाजाच्या वक्रावरून घेतलेलं आहे. मोठ्या आवाजांसाठी ‘बी’ आणि ‘सी’ होते. सोयीपायी सगळीकडे ‘ए’ रुळलं. आपल्या २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांतल्या मर्यादाही डीबी(ए) मध्येच आहेत: निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५. ‘ए’ ६३ हर्ट्झला सुमारे २६ डेसिबल वजा करतं. मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर छाती हादरवतो तो नेमका हाच पट्टा, आणि तिथे आवाज काही ४० फोनचा नसतो. म्हणून मी यंदा प्रत्येक नोंद ‘ए’ आणि ‘सी’ दोन्हींत घेते आहे.