लॅमेटा माला

लॅमेटा माला : मध्य व पश्चिम भारतात दक्षिण ट्रॅपच्या खाली आढळणारे, क्रिटेशस कालखंडाच्या अखेरीचे (सु. ७ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे) गाळाचे खडक. जबलपूरजवळच्या नर्मदेवरील लॅमेटा घाटावरून हे नाव पडले. हिरवट वालुकाश्म, चुनखडक व चिकणमाती हे यातील मुख्य खडक. ते नद्यांच्या पूरमैदानांत आणि उथळ तळ्यांत साचले, असे आज बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. पुढे त्यांवर दक्षिण ट्रॅपच्या लाव्ह्याचे थर पसरले. लाव्ह्यापासून बनलेला हा बेसाल्ट जेथे झिजला तेथेच माला उघडी पडलेली दिसते.

ठगांच्या बंदोबस्तामुळे ओळखला जाणारा विल्यम स्लीमन याला १८२८ मध्ये जबलपूरला या मालेत डायनोसॉरची काही हाडे मिळाली. १८७७ मध्ये रिचर्ड लिडेकरने त्यांवरून टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव दिले. गुजरातेतील राहिओली येथील राजासॉरस (२००३) हा कपाळावर छोटे शिंग असलेला मांसाहारी डायनोसॉर. मादागास्करच्या माजुंगासॉरसशी त्याचे जवळचे नाते असून, दोन्ही भूभाग एकेकाळी जोडलेले होते याची ती खूण आहे.

महाराष्ट्रातील महत्त्वाची स्थळे चंद्रपूर जिल्ह्यात आहेत. डोंगरगाव येथे इसिसॉरस या लांब पुढच्या पायांच्या शाकाहारी डायनोसॉरचा सांगाडा मिळाला; इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून त्याला हे नाव मिळाले. पण या मालेतील सर्वांत मोलाचा ठेवा सांगाड्यांपेक्षा याच जिल्ह्यातील पिसदुऱ्याच्या अश्मीभूत विष्ठेत आहे, असे म्हणायला हवे. ती बहुधा टायटॅनोसॉर या शाकाहारी डायनोसॉर गटाच्या प्राण्यांची असावी. २००५ मध्ये तिच्यात गवताचे सूक्ष्म सिलिकाकण सापडले व किमान पाच प्रकारची गवते ओळखता आली. गवतांची विविधता डायनोसॉरांच्या अस्तानंतरची, हा तोवरचा समज या कणांनी खोडून काढला.

डायनोसॉरांची अंडी व घरटी यांसाठीही ही माला जगप्रसिद्ध आहे. मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यातून ९२ घरटी व २५६ अंडी नोंदवली गेली (२०२३). गुजरातेतील ढोली डुंगरी येथे तर सु. ३.५ मी. लांबीचा सनाजेह हा साप, डायनोसॉरची अंडी आणि त्यांतून नुकतेच बाहेर पडलेले सु. अर्ध्या मीटरचे पिल्लू एकाच घरट्यात सापडले. हे जीवाश्म धनंजय मोहबे यांनी शोधले. सापाची ओळख मात्र बरीच वर्षे पटली नव्हती व त्याचे वर्णन २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. साप डायनोसॉरांची पिल्ले खात असत, याचा यापेक्षा थेट पुरावा विरळाच.