बत्ती डोक्यावर, चेहरा अंधारात

माझ्या आजोबांचं, म्हणजे आमच्या दादांचं, तालुक्याच्या गावी गॅसबत्त्या भाड्यानं देण्याचं दुकान होतं. लग्नाचा मोसम आला की दुपारपासूनच दुकानाच्या पायरीवर बत्त्या ओळीनं लागायच्या. काचा पुसायच्या, रॉकेल भरायचं, मेंटल बांधायचं, पंप मारायचा. बारात निघाली की डोक्यावर चुंबळ ठेवून बायका आणि पोरं त्या बत्त्या घेऊन दोन्ही बाजूंनी चालायची. मध्ये बँडवाले, मागं घोड्यावर नौशा.

दादांच्या पेटीतले जुने फोटो मी आजही कधीतरी काढून बघतो. नौशाचा सेहरा लख्ख दिसतो. बँडवाल्याच्या बिगुलावरची चमक दिसते. बत्ती धरणारं मात्र एकाही फोटोत पूर्ण नाही. कुठं एक कोपर, कुठं लुगड्याचा काठ. फोटोग्राफरची चूक नव्हती, त्याला नौशाचा फोटो काढायचे पैसे मिळाले होते. शिवाय बत्ती डोक्यावर असली की तिच्या बुडाची सावली धरणाऱ्याच्याच तोंडावर पडते. दादा म्हणायचे, "चिराग तले अंधेरा, बेटा." आम्हाला ती नुसती म्हण वाटायची. त्यांच्या धंद्यात ती रोज रात्री समोर दिसायची.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गेली काही वर्षं मी एका वेगळ्याच गोष्टीचा इतिहास वाचतो आहे. रात्री मोठ्या इमारतींवर प्रोजेक्टरनं प्रकाशचित्रं टाकण्याची जी कला आहे, तिचा. आणि त्यातही, या उजेडात कोणाचा चेहरा दिसला आणि कोणाचा नाही, याचा.

या इतिहासाची सुरुवात आपल्याला ओळखीची आहे. बसऱ्यात जन्मलेले आणि काहिरात राहून काम केलेले इब्न अल-हैसम यांनी अकराव्या शतकाच्या सुरुवातीला 'किताब अल-मनाझिर' हा प्रकाशावरचा मोठा ग्रंथ लिहिला. त्यातला एक प्रयोग मी वर्गात दरवर्षी सांगतो. अंधाऱ्या खोलीला एक लहान झरोका. बाहेर झरोक्यासमोर वेगवेगळ्या जागी काही दिवे ठेवायचे. आतल्या भिंतीवर प्रत्येक दिव्याचा वेगळा ठिपका पडतो. सगळे दिवे एकाच झरोक्यातून येतात, तरी त्यांचा उजेड एकमेकांत मिसळून जात नाही. आता एका दिव्यापुढं आडोसा धरा. भिंतीवरचा तेवढाच ठिपका विझतो, बाकीचे जागेवर राहतात.

सतराव्या शतकात युरोपात जादूचा कंदील आला. काचेवर रंगवलेलं चित्र, मागं दिवा, पुढं भिंग. हॉलंडच्या क्रिस्तियान हायगेन्स यांच्या 1659 च्या कागदांत त्याची चित्रं आहेत. आपल्याकडे कल्याणच्या पटवर्धनांनी 1890 च्या दशकात त्याच जातीच्या कंदिलातून 'शांबरिक खरोलिका' दाखवली. सिनेमा यायच्या आधी मराठी माणसानं पडद्यावर हलती चित्रं पाहिली ती इथं. पुढं 1952 मध्ये फ्रान्समधल्या शांबोर राजवाड्यावर पहिला 'ध्वनी-प्रकाश' खेळ झाला. आज किल्ल्यांवर आणि राजवाड्यांवर तसले खेळ आपण तिकीट काढून बघतो. राजा येतो, तलवार चमकते, तोफ धडाडते. तो किल्ला ज्यांनी दगड वाहून बांधला त्यांच्यासाठी त्या खेळात सहसा दोन मिनिटंही नसतात. बारातीच्या फोटोसारखंच.

हा उजेड उलटा फिरवणाऱ्यांत एक नाव महत्त्वाचं आहे, क्षिश्तोफ वोदिच्को. 1943 साली वॉर्सात जन्मलेला, औद्योगिक डिझाइन शिकलेला हा कलावंत. पुढं पोलंड सोडून कॅनडात आणि मग अमेरिकेत गेला. 1980 नंतर त्यानं सरकारी इमारतींवर, पुतळ्यांवर, स्तंभांवर रात्री चित्रं टाकायला सुरुवात केली. 1985 मध्ये लंडनच्या ट्रफाल्गर चौकात काम करताना तिथल्या दक्षिण आफ्रिकेच्या वकिलातीवर त्यानं प्रोजेक्टर वळवला आणि कपाळपट्टीवर नाझींचं स्वस्तिक टाकलं. वर्णद्वेषाचे दिवस होते. साधारण दोन तासांत पोलिसांनी ते बंद करायला लावलं. प्रोजेक्टर बंद केला की भिंत पूर्वीसारखी होते, ओरखडाही राहत नाही. तरी सत्तेला त्याची भीती वाटली, ही लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

पण मला जास्त जवळची वाटतात ती त्याची पुढची दोन कामं.

पहिलं हिरोशिमाचं. 6 ऑगस्ट 1945 ला सकाळी सव्वाआठला बॉम्ब पडला तेव्हा मोतोयासु नदीकाठची एक इमारत जवळजवळ थेट त्याच्या खाली होती. तिचा घुमटाचा सांगाडा उरला. तोच आज जगाला 'अणुबॉम्ब घुमट' म्हणून माहीत आहे. दरवर्षी 6 ऑगस्टला तिथं सभा होते, भाषणं होतात, संध्याकाळी नदीत कागदी कंदील सोडतात. 1999 मध्ये वोदिच्कोनं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून, 7 आणि 8 ऑगस्टच्या रात्री, घुमटाखालच्या नदीच्या दगडी काठावर चित्रं टाकली. चेहरे नाहीत, फक्त हात. बॉम्बमधून वाचलेली माणसं आपली हकीकत सांगत असताना त्यांचे हात जसे हलत होते, तसे. एकमेकांत गुंफलेले, मुठी आवळलेले, काही धरून बसलेले. आवाज लाउडस्पीकरवर. वर घुमट, खाली पाण्यात त्या हातांची थरथरती सावली. जणू ती इमारतच हात हलवून बोलते आहे.

त्या आवाजांत कोरियन माणसंही होती. हे समजून घ्यायला थोडा इतिहास लागतो. कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता, आणि हजारो कोरियन लोक हिरोशिमात मजुरीला होते. कितीतरी जण सक्तीनं आणलेले. बॉम्बनं जपानी आणि कोरियन असा भेद केला नाही, पण नंतरच्या आठवणीनं केला. कोरियन मृतांचं स्मारक 1970 मध्ये उभं राहिलं, ते शांती उद्यानाच्या हद्दीबाहेर. जवळजवळ तीस वर्षं ते बाहेरच होतं. 1999 च्या उन्हाळ्यात ते उद्यानाच्या आत आणलं गेलं, आणि त्याच उन्हाळ्यात हे आवाज घुमटाखाली ऐकू आले. मेल्यानंतर स्मारकाच्या आत जागा मिळायला ज्यांना तीस वर्षं लागतात, त्यांची गोष्ट आपल्या लोकांना परकी वाटायचं कारण नाही.

दुसरं काम मेक्सिकोतल्या तिहुआना शहरातलं. अमेरिकेच्या सरहद्दीला लागून असलेल्या या शहरात परदेशी मालाची जुळणी करणारे कारखाने आहेत, त्यांना 'माकिलादोरा' म्हणतात. टीव्हीचे भाग, कपडे, विजेची उपकरणं तिथं तयार होऊन सरहद्दीपलीकडे जातात. राबणाऱ्यांत मोठी संख्या बायकांची. माल दुकानात झळकतो, त्यावर कंपनीचं नाव असतं. तो जोडणाऱ्या बाईचं नाव कुठंही नसतं.

तिथल्या सांस्कृतिक केंद्रात गोल चेंडूसारखं एक मोठं चित्रपटगृह आहे. फेब्रुवारी 2001 मध्ये सलग दोन रात्री त्या गोलावर या कामगार बायकांचे चेहरे दिसले, साठ फूट रुंद. त्यासाठी डोक्यावर घालायचं एक साधन बनवलं होतं. त्यात कॅमेरा आणि माइक. बाई हलली तरी चेहरा भिंतीवर स्थिर राहायचा, आणि ती जे बोलेल ते त्याच क्षणी चौकात ऐकू यायचं. पंधराशेच्या वर लोक खाली उभे होते. त्या काय बोलल्या? कारखान्यातली पिळवणूक, घरातली मारहाण, दारू, बलात्कार. जे त्यांनी शेजारणीलाही सांगितलं नव्हतं ते शहराला सांगितलं.

दादांच्या बत्तीवाल्या बायका मला इथं आठवल्या. त्यांच्याही डोक्यावर एक साधन होतं. त्याचा उजेड दुसऱ्यावर पडायचा. तिहुआनात डोक्यावरचं साधन पहिल्यांदा धरणारीच्या तोंडाकडे वळलेलं होतं.

आणखी एक फरक महत्त्वाचा. तिथं कुणी कारखान्याच्या मालकानं 'आमच्या मेहनती भगिनींना सलाम' असा बोर्ड झळकवला नव्हता. बायका स्वतः बोलत होत्या, आणि काय बोलणार ते सत्कार करणाऱ्यानं ठरवलेलं नव्हतं.

2020 साली हा फरक साऱ्या जगात पुसला गेला. 12 एप्रिलला, ईस्टरच्या दिवशी, रिओच्या डोंगरावरच्या ख्रिस्ताच्या पुतळ्यावर प्रकाशानं डॉक्टरचा पांढरा कोट चढवला गेला, गळ्यात स्टेथोस्कोप. फार सुंदर दृश्य होतं, माझेही डोळे भरून आले. आपल्याकडे थाळ्या वाजल्या, दिवे लागले, 3 मे रोजी हेलिकॉप्टरमधून रुग्णालयांवर फुलं पडली. डॉक्टर आणि नर्स त्या मानाचे हक्कदार होतेच. पण ज्यांच्यामुळे शहरं सडली नाहीत ते सफाई कामगार, शववाहिकेचे ड्रायव्हर, सरण रचणारे आणि कबर खोदणारे या उजेडाच्या कडेलाच राहिले.

दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी माझी स्वतःची गोष्ट सांगतो. लाट ओसरल्यावर आमच्या मोहल्ल्यात 'कोविड योद्ध्यांचा' सत्कार ठरला. उर्दू शाळेत मराठी शिकवणारा मास्तर म्हणून यादी, मानपत्रं आणि सूत्रसंचालन माझ्याकडे. यादीत चौदा नावं होती. डॉक्टर, ऑक्सिजन सिलिंडरला देणगी देणारे व्यापारी, राशन वाटणारे तरुण, दोन नगरसेवक. शाल, गुच्छ, फोटो. घरी आल्यावर अम्मीनं विचारलं, "गोरकन चाचाला बोलावलंस का रे?"

गोरकन म्हणजे कबर खोदणारा. त्या दोन महिन्यांत चाचांनी आणि त्यांच्या दोन मुलांनी एकेका दिवशी चार-चार कबरी खोदल्या होत्या, नेहमीपेक्षा खोल. किट नव्हतं म्हणून एप्रिलच्या उन्हात पावसाळी रेनकोट घालून. माझ्या सख्ख्या मामूंची कबर त्यांनीच खोदली होती. आणि यादी मीच केली होती.

दुसऱ्या दिवशी शाल घेऊन गेलो. चाचांनी शाल घेतली, चहा पाजला आणि म्हणाले, "मास्टर, फोटो का क्या करूं मैं? नल लगा दो कब्रस्तान में. हाथ धोने कू घर तक जाना पडता." मग हळूहळू बाकीचं बोलले. पगार नाही, कबरीमागे जे हातावर ठेवतील ते. पावसात उभं राहायला पत्रा नाही.

आपल्याकडे यावर एक तयार उत्तर असतं. नेकी दाखवायची नसते, उजव्या हातानं दिलेलं डाव्या हाताला कळू नये. रियाकारी टाळावी, हे मलाही मान्य आहे. पण ही नसीहत नेकी करणाऱ्यानं स्वतःला द्यायची असते. समाजानं दुसऱ्याची मेहनत विसरावी आणि वर त्याला सबराचं नाव द्यावं, यासाठी ती सांगितलेली नाही. शिवाय गंमत बघा, देणगीदारांच्या बाबतीत ही नसीहत आम्हाला आठवली नव्हती.

पुढच्या वर्षी शाळेच्या कार्यक्रमात मी हिरोशिमाची कल्पना उसनी घेतली. दहावीच्या मुलांनी मोबाइलवर काही लोकांच्या हातांचं चित्रण केलं. खिचडी शिजवणाऱ्या दोघी, शाळेचा शिपाई, गटार काढणारा एक तरुण आणि गोरकन चाचा. चेहरा दाखवायला चाचांची ना होती, हातांना नव्हती. त्यांची एकच अट होती, पगाराचं आणि नळाचं बोलणं कापायचं नाही. मुलांनी एक शब्दही कापला नाही. शाळेच्या मागच्या पांढऱ्या भिंतीवर, वर्गातल्याच साध्या प्रोजेक्टरनं, ते फुटलेल्या नखांचे हात दोन मजले उंच दिसले. पहिल्या रांगेत बसलेल्या जाणत्या मंडळींपैकी काहींनी नजर खाली घातली, एक जण उठून गेले. भाषण करून मला एवढं कधी जमलं नसतं.

नळ त्यानंतर दोन महिन्यांत लागला. पत्राही आला. पगाराचा विषय अजून बैठकीच्या कागदावरच आहे, आणि प्रत्येक बैठकीत मी तो काढतो, काहींना त्याचा कंटाळा येतो तरी. सत्काराची यादी आता मी एकटा करत नाही. आधी अम्मीला वाचून दाखवतो.

इब्न अल-हैसमचा तो प्रयोग यंदा वर्गात सांगितला तेव्हा एका मुलीनं विचारलं, "सर, दिव्यापुढचा आडोसा काढला तर ठिपका परत येतो का?" मी म्हणालो, येतो, त्याच जागी. दिवा जळतच असतो.