दहा तारखेचा हिशेब

गिरणगावात महिना एक तारखेला नव्हे, दहा तारखेला सुरू व्हायचा. १९३६च्या वेतन कायद्यानं हजार किंवा त्याहून जास्त कामगारांच्या कारखान्यांना मागल्या महिन्याचा पगार दहा तारखेपर्यंत चुकता करण्याचं बंधन घातलं. त्याआधी पगार आणखी रेंगाळायचा. तोवर वाण्याची उधारी, नाहीतर पठाणाचं व्याज. १९२३ साली मुंबईच्या लेबर ऑफिसनं फिंडले शिरास यांच्या देखरेखीखाली कामगारांच्या घरखर्चाची पाहणी छापली. त्यात जवळपास निम्मी कुटुंबं कर्जात निघाली.

माझी आजी लालबागला खाणावळ चालवायची. जेवणारे सगळे रत्नागिरी-साताऱ्याकडचे, बायकापोरं गावी ठेवून आलेले. तिला अक्षरओळख नव्हती. भिंतीवर प्रत्येकाची जागा ठरलेली. जो जेवायला आला नाही त्याच्या जागी कोळशाची रेघ, म्हणजे खाडा. महिनाअखेरी खाडे वजा करून ती तोंडी आकडा सांगायची आणि त्यावर कधी वाद झालेला मला आठवत नाही.

पगार हातात पडला की आधी खाणावळ. मग पोस्टात रांग लावून गावी मनीऑर्डर. मग भिशी, गाळ्याचं भाडं. उरेल त्यात चहा-विडी आणि जमलं तर तमाशा. हल्लीचे सल्लागार सांगतात, आधी स्वतःच्या नावानं पैसे बाजूला काढा. इथं स्वतःचा नंबर शेवटी. तरी घडी बसायची, कारण पाळत दोन्हीकडून होती : इथं आजी, तिकडे पोस्टमनची वाट पाहणारी घरची माणसं.

पण या शिस्तीचा भार कुणावर होता? दहा तारखेपर्यंतचे तांदूळ-डाळ आजी वाण्याकडून उधारीवर, चढ्या भावानं आणायची. गड्यांचा जमाखर्च तिच्या कर्जावर तोलला जायचा. १९७५मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून अशा खाणावळवाल्यांना राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जं मिळवून दिली, तेव्हा कुठं त्यांच्या धंद्याला कुणी धंदा म्हटलं. आजी त्यात गेली नाही. बँकेची पायरी चढायची तिला भीती वाटे.

१८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि दहा तारखेचा पगार थांबला. आजीनं कुणाचं ताट बंद केलं नाही. पुढं काहींनी गावाहून तांदूळ पाठवून बाकी फेडली, काहींची राहिली. वाण्याचे पैसे तिनं पाटल्या मोडून भागवले.