पोटाचं ऑपरेशन आणि डोक्यावरचा गोल

आजची गोष्ट आहे एका चुकीच्या संशयाची.

ऑपरेशन पोटाचं, टाके पोटावर. दोन आठवड्यांनी घरी कंगव्यात केसांचा पुंजका येतो आणि डोक्याच्या मागे गुळगुळीत गोल सापडतो. घरचे काय म्हणणार? "चाई पडली!" त्याचा ऑपरेशनशी संबंध कोण लावणार?

तो लावला 1960 साली, एबल आणि लुईस या अमेरिकेतल्या डॉक्टरांनी. त्यांनी आठ बायकांची नोंद छापली. सगळ्यांची स्त्रीरोगाची ऑपरेशनं लांबलेली, आणि टेबल डोक्याच्या बाजूने खाली झुकवलेलं. ऑपरेशननंतर आधी डोकं दुखरं झालं, सुजलं. मग 3 ते 28 दिवसांत तिथलेच केस गळले. नंतर ते परतही आले.

असं का होतं? झोपेत आपण नकळत कूस बदलतो. भूल दिलेला माणूस बदलत नाही. डोक्याचं सगळं वजन तासन् तास एकाच जागी पडतं. खाली कवटीचं हाड, वर टेबल, मध्ये चेपलेली कातडी. रक्त पोचत नाही, आणि केसांची मुळं वाढ थांबवतात. केस मात्र गळतात काही दिवसांनी. म्हणून तर खरं कारण निसटतं!

निदानाची किल्ली आहे विचारपूस. गेल्या महिन्याभरात मोठं ऑपरेशन झालं का? आयसीयूत होतात का? त्या जागी आधी दुखलं, सूज आली का? चाईत असा इतिहास सहसा नसतो. शंका उरलीच, तर डॉक्टर कातडीचा छोटा तुकडा तपासतात.

बहुतेकांचे केस काही महिन्यांत येतात. पण दाब फार वेळ राहिला, जखम झाली, तर व्रण उरतो आणि तिथे केस कायमचे जातात.

1976 साली हृदयाच्या ऑपरेशनांवरचा एक अभ्यास आला. त्यात उपाय सापडला तो साधाच: ऑपरेशन चालू असताना ठरावीक वेळाने डोकं थोडं वळवायचं. त्याने हे टक्कल खूप कमी झालं. सोबत मऊ गादीचा आधारही देतात.

तर मंडळी, घरचं कुणी आयसीयूत असेल, तर नर्सताईंना एवढं नक्की विचारा: "डोक्याची बाजू बदलता ना?" मान वळवायची नसेल, तर त्या सांगतील. आपण मात्र स्वतःहून हात लावायचा नाही.

भेटू पुढच्या भागात!